पहिलं बाळंतपण: भीती कमी करणारी तयारी, पायरीपायरीने

दिवस राहिल्याचं कळलं की आनंदाबरोबरच इतरांच्या बाळंतपणाच्या कहाण्याही घरात येऊ लागतात. कुणी दोन दिवस कळा सोसल्या, कुणाला ऐन वेळी ऑपरेशनला नेलं, कुणाचे टाके चिघळले. सरळ, सुरळीत पार पडलेली बाळंतपणं सांगण्यासारखी वाटत नाहीत, म्हणून ती कानावर येतच नाहीत. वर दुसरीकडून सल्ला मिळतो: ‘घाबरू नकोस, चांगला विचार कर, सगळं छान होईल.’ हा सल्ला प्रेमाने दिलेला असतो, पण त्याने भीती जात नाही. उलट भीती वाटली म्हणून अपराधी वाटायला लागतं.

माझं मत स्पष्ट आहे. बाळंतपणाचा आत्मविश्वास तीन गोष्टींनी वाढतो: शरीरात काय चाललं आहे याची माहिती, थोडा सराव आणि शेजारी एक भरवशाचं माणूस. मन प्रसन्न ठेवणं चांगलंच, पण या तिन्हींचा आधार असला की ते आपोआप बरंचसं होतं. पुढच्या पायऱ्या याच तीन गोष्टींसाठी आहेत. गरोदरपणाच्या कुठल्याही महिन्यात हे वाचत असाल, तरी तिथून सुरुवात करता येते.

पायरी १: भीती कागदावर उतरवा

‘मला बाळंतपणाची भीती वाटते’ हे वाक्य फार मोठं आहे, त्यावर उपाय सापडत नाही. नेमकी कशाची भीती वाटते ते लिहून काढा. दुखण्याची? फाटण्याची, टाक्यांची? बाळाला काही होईल याची? अनोळखी माणसांसमोर उघडं पडण्याची, कुणी ओरडेल याची? सिझेरियनची? यातल्या प्रत्येक भीतीचं उत्तर वेगळं आहे. दुखण्याच्या भीतीवर वेदना कमी करण्याच्या उपायांची माहिती हवी. कुणी ओरडेल या भीतीवर दवाखाना नीट निवडणं आणि सोबतीचं माणूस असणं हा उपाय आहे. बाळाच्या काळजीवर वेळेवर तपासण्या. यादी झाली की तिच्यातला मोठा भाग प्रश्नांमध्ये बदलतो, आणि प्रश्न डॉक्टरांना विचारता येतात.

भीतीचा कळांशी थेट संबंध आहे, हे ब्रिटिश डॉक्टर ग्रँटली डिक-रीड यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडलं. भीतीने अंग आखडतं, आखडलेल्या अंगात दुखणं वाढतं, आणि वाढलेल्या दुखण्याने भीती आणखी वाढते, असं ते चक्र. त्यांची सगळीच मतं आज कुणी मानत नाही. वेदना निव्वळ भीतीमुळे होते, हे खरं नाही. गर्भपिशवीचा स्नायू जोरकस आकुंचन पावतो आणि ते दुखतंच. पण भीतीमुळे शरीरात अॅड्रेनालिन वाढतं आणि ते कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या कामात अडथळा आणू शकतं. घरी नियमित येणाऱ्या कळा दवाखान्यात पोचल्यावर थोड्या वेळासाठी मंदावतात, त्यामागे हे एक कारण असू शकतं. म्हणून शांत जागा, मंद उजेड आणि ओळखीचा आवाज यांची प्रसूतीत खरीच गरज असते.

काही जणींची भीती याहून खोल असते. झोप लागत नाही, बाळंतपणाचा विषय निघाला तरी छाती धडधडते. आधीचा गर्भपात, आधीच्या प्रसूतीचा वाईट अनुभव किंवा कधीतरी शरीरावर झालेली जबरदस्ती त्यामागे असू शकते. अशा वेळी डॉक्टरांना आणि समुपदेशकाला हे लवकर सांगा. सगळा तपशील सांगायला हवा असं नाही. ‘आतून तपासताना मला फार भीती वाटते, आधी सांगून, हळू आणि मी थांबा म्हटल्यावर थांबून तपासा,’ एवढं वाक्यही पुरेसं आहे.

आणि कहाण्यांचं काय? सांगणाऱ्यांना प्रेमाने थांबवा. ‘बाळ झाल्यावर सगळं ऐकते, आत्ता नको,’ असं म्हटल्याने कुणी दुखावत नाही. ऐकायचंच असेल तर ‘तुम्हाला त्या वेळी कशाचा उपयोग झाला?’ असं विचारा. तीच बाई, तीच प्रसूती, पण उत्तर कामाचं मिळतं.

पायरी २: तारीख आणि तपासण्या समजून घ्या

डॉक्टर जी तारीख देतात ती शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे मोजून काढलेली असते. सोनोग्राफीत ती थोडी पुढेमागे होते. नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळं साधारण वीसात एक. ३७ ते ४२ आठवड्यांच्या दरम्यान कधीही प्रसूती होऊ शकते. म्हणून नातेवाइकांना तारीख सांगूच नका, ‘अमुक महिन्याच्या सुमारास’ म्हणा. तारीख उलटल्यावर रोज येणारे ‘अजून नाही झालं?’ असे फोन सगळ्यात जास्त मनःस्ताप देतात. ४१ आठवड्यांनंतर मात्र कळा आणण्याच्या औषधांविषयी डॉक्टर बोलतील, कारण त्यापुढे थांबण्यात बाळाचा धोका हळूहळू वाढतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून गरोदरपणात किमान ८ भेटींची शिफारस केली आहे. पहिली १२ आठवड्यांच्या आत, नंतर २०, २६, ३०, ३४, ३६, ३८ आणि ४० आठवड्यांना. प्रत्येक भेटीत रक्तदाब पाहिला जायला हवा, कारण रक्तदाब वाढण्याचा आजार सुरुवातीला काहीच जाणवू देत नाही. हिमोग्लोबिन, लघवी, रक्तगट, साखर या तपासण्या ठरलेल्या वेळी होतात. बाळाचे अवयव पाहणारी सोनोग्राफी साधारण १८ ते २२ आठवड्यांत. फोलिक अॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, शक्यतो दिवस राहण्याआधीपासून आणि पहिले १२ आठवडे. बाळाचा मेंदू आणि मणका घडवणारी नळी पहिल्या काही आठवड्यांतच मिटते, म्हणून ही घाई. लोहाची गोळी डॉक्टर सांगतील तशी. दारू आणि तंबाखूचं ‘थोडं चालतं’ असं कुठलंही प्रमाण नाही.

तपासणीला जाताना वही न्या. आत गेल्यावर प्रश्न विसरतात, हे सगळ्यांचंच होतं. एखादी तपासणी, औषध किंवा उपाय सुचवला गेला की हे पाच प्रश्न उपयोगी पडतात:

- हे कशासाठी?
- याचा मला आणि बाळाला फायदा काय?
- धोका किंवा त्रास काय होऊ शकतो?
- दुसरा पर्याय आहे का?
- थोडं थांबलं तर काय होईल?

शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. ‘थांबता येणार नाही’ असं उत्तर आलं तर ते का, हे कळतं आणि मन लगेच तयार होतं. ‘तासभर थांबता येईल’ असं उत्तर आलं तर विचाराला वेळ मिळतो. चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत.

पायरी ३: शरीराला कामाची सवय लावा

गरोदरपणात अंगातलं रक्त जवळपास दीडपट होतं. एरवी ६०-७० ग्रॅमची गर्भपिशवी शेवटी किलोभराची होते. दम लागणं, थकवा येणं यात तुमची कमजोरी काहीच नाही, शरीर दिवसरात्र राबत असतं. तरीही डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर आठवड्याला एकूण १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. चालणं, पोहणं, गरोदरपणासाठीची योगासनं, काहीही चालेल. चालताना बोलता येत असेल पण गाता येत नसेल, तर वेग बरोबर आहे. रक्तस्राव, वार (गर्भपिशवीत बाळाला पोसणारा अवयव, प्लासेंटा) खाली असणं, वेळेआधी कळा येण्याची शक्यता, वाढलेला रक्तदाब अशा गोष्टी असतील तर आधी विचारा.

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम रोज करा. लघवी रोखताना जे स्नायू आवळतात ते पाच सेकंद आवळायचे, मग तितकाच वेळ सोडायचे, असं दहा वेळा. अमेरिकी डॉक्टर अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये हा व्यायाम मांडला, म्हणून त्याला त्यांचं नाव आहे. बहुतेक जणी आवळण्याकडे लक्ष देतात आणि सोडणं विसरतात. बाळ बाहेर येताना हे स्नायू सैल सोडता येणं जास्त कामाचं, त्यामुळे सोडण्याचा सरावही तितक्याच लक्षपूर्वक करा. साधारण ३५व्या आठवड्यापासून योनीमार्ग आणि गुदद्वार यांच्या मधल्या भागाचा स्वच्छ हातांनी, तेल लावून आठवड्यातून एकदोनदा मसाज केला, तर पहिल्या प्रसूतीत टाके घालावे लागण्याची शक्यता थोडी कमी होते. कसा करायचा ते नर्सकडून समजून घ्या.

२८ आठवड्यांनंतर झोपताना कुशीवर झोपा. जाग आली तेव्हा पाठीवर असाल तर घाबरू नका, कूस बदला आणि पुन्हा झोपा.

याच पायरीत एक गोष्ट पाठ करून ठेवायची, ती म्हणजे धोक्याच्या खुणा. सकारात्मक राहण्याच्या नादात ‘तसं काही नसेल’ म्हणून घरी थांबणं, हे मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटतं. पुढचं काहीही झालं तर रात्र असो की दिवस, लगेच दवाखाना गाठायचा:

- अंगावरून रक्त जाणं, किंवा ३७ आठवड्यांआधी पाणी जाणं किंवा कळा येणं
- थांबत नाही असं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणं, छातीखाली पोटात दुखणं, चेहरा आणि हात अचानक सुजणं
- फिट येणं, श्वास घ्यायला त्रास, खूप ताप, एकाच पायाला सूज आणि दुखणं
- बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी होणं किंवा थांबणं

हालचाल पहिल्या खेपेला साधारण १८ ते २० आठवड्यांत जाणवू लागते. मग हळूहळू बाळाची एक लय कळते. ‘शेवटच्या महिन्यात जागा कमी पडते, म्हणून बाळ हलत नाही,’ हे खरं नाही. हालचालीचा प्रकार बदलतो, पण बाळ शेवटपर्यंत, कळा सुरू असतानाही हलतं. तपासून सगळं ठीक निघालं तर दवाखान्यात उगीच गेलो असं वाटून घेऊ नका, पुन्हा शंका आली तर पुन्हा जा.

पायरी ४: जागा निवडा, माणूस निवडा

दवाखाना ठरवण्याआधी एकदा प्रसूतीचा विभाग पाहून या. रात्री सिझेरियनची सोय आहे का, भूलतज्ज्ञ किती वेळात येतात, रक्ताची सोय कुठे, बाळांचे डॉक्टर असतात का, हे विचारा. त्यानंतर तुमच्या मनातले प्रश्न: कळा येताना फिरता येईल का, पाणी पिता येईल का, सोबत कोण थांबू शकेल, बाळ बाहेर येताना योनीमार्गाशी सरसकट छेद देतात की गरज पडल्यावरच? कमी जोखमीच्या प्रसूतीत हालचाल, पाणी-खाणं आणि हवी ती स्थिती घेऊ द्यावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सरसकट छेद देणं, केस काढणं किंवा एनिमा देणं यांची ती शिफारस करत नाही. म्हणजे हे विचारण्यात कसलाच आगाऊपणा नाही.

सोबतीच्या माणसाबद्दल मला जरा थांबून सांगायचं आहे, कारण इतका स्वस्त, इतका बिनधोक आणि इतका दुर्लक्षित उपाय दुसरा नाही. १५,००० हून अधिक बायकांचा समावेश असलेल्या २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला. प्रसूतीत सतत कुणी सोबत असलेल्या बायकांची आपोआप प्रसूती होण्याचं प्रमाण जास्त, सिझेरियन कमी, कळांचा काळ थोडा आखूड आणि अनुभव वाईट होता असं म्हणणाऱ्या कमी, असं त्यात दिसलं. सतत या शब्दाला महत्त्व आहे. अधूनमधून डोकावणारं माणूस ही सोबत नव्हे.

हे माणूस जोडीदार असेल, आई, बहीण, मैत्रीण किंवा प्रशिक्षित सोबती. एकच कसोटी लावा: या माणसाची भीती मला सांभाळावी लागेल का? तसं असेल तर ते माणूस कितीही प्रेमाचं असलं तरी त्याला बाहेर थांबू द्या. कंबर कुठे आणि किती जोराने दाबायची, प्रत्येक दोन कळांमध्ये पाण्याचा घोट द्यायचा, खांदे वर चढले की हात ठेवून ‘सोड’ म्हणायचं, बोलायचं कधी आणि गप्प कधी राहायचं, तुमच्या वतीने डॉक्टरांना काय विचारायचं, हे त्यांना आधी दाखवा, दोनचार वेळा करून घ्या. ‘जोर लाव’ असा ओरडा करू नका, हेही सांगून ठेवा.

पायरी ५: कळांचा प्रवास ओळखून ठेवा

घाबरण्याचं मोठं कारण म्हणजे ‘हे किती चालणार’ हे माहीत नसणं. म्हणून टप्पे नीट समजून घ्या.

सुरुवातीचा टप्पा लांबट आणि लहरी असतो. पोट आवळतं, पाळीसारखं दुखतं, कंबर भरून येते, रक्ताचा अंश असलेला चिकट स्राव जातो, आणि मग कळा थांबतातही. फिरल्यावर किंवा कूस बदलल्यावर ज्या विरतात त्या सरावाच्या कळा. ज्या हळूहळू लांबतात, जोर धरतात आणि जवळ येतात त्या खऱ्या. गर्भपिशवीचं तोंड ५ सेंटिमीटर उघडेपर्यंत हा टप्पा चालतो आणि त्याला ठरावीक वेळ नाही. पहिलटकरणीला त्यात अख्खा दिवस किंवा त्याहून जास्त जाऊ शकतो. बऱ्याच जणी इथेच सगळी ताकद खर्च करून बसतात. रात्र असेल तर झोपायचा प्रयत्न करा. दिवस असेल तर हलकं खा, अंघोळ करा, नेहमीची कामं चालू ठेवा. जोपर्यंत कळेच्या वेळी बोलता येतं, तोपर्यंत कळा मोजत बसायची गरज नाही.

पुढचा टप्पा ५ ते १० सेंटिमीटरचा. आता कळा नियमित, जोरकस असतात आणि त्या वेळी बोलवत नाही. पहिल्या खेपेला हा टप्पा सहसा १२ तासांच्या आत आटोपतो, पुढच्या खेपांना १० तासांच्या आत. ‘दर तासाला एक सेंटिमीटर उघडायलाच हवं’ असा हिशोब वर्षानुवर्षं लावला गेला. २०१८ च्या शिफारशींत जागतिक आरोग्य संघटनेने तो सगळ्यांना लागू होत नाही असं सांगितलं. आतून तपासल्यावर ‘दोन तासांत काहीच फरक नाही’ असं ऐकलं तरी खचू नका. तोंड मऊ होणं, पातळ होणं, बाळाचं डोकं वळून खाली सरकणं हीही प्रगतीच आहे, आणि ती सेंटिमीटरच्या आकड्यात दिसत नाही.

इथे एक साधा हिशोब मनात ठेवा. कळ दर पाच मिनिटांनी येते आणि एक मिनिट टिकते असं धरलं, तर तासाभरात कळांची मिनिटं १२ आणि विश्रांतीची ४८. शेवटी शेवटी, दर तीन मिनिटांनी कळ येऊ लागली तरी तासातली ४० मिनिटं मोकळी. शिवाय प्रत्येक कळ समुद्राच्या लाटेसारखी चढते, माथ्यावर काही सेकंद राहते आणि उतरते. आत्ताची एवढी कळ पार करायची, मग अंग सोडून द्यायचं, पुढचीचा विचार पुढची आल्यावर. बाळंतपण निभावलेल्या अनेक जणी हेच सांगतात, आणि माझ्या मते दुखण्याबद्दल सांगण्यासारखं याहून खरं काही नाही.

पूर्ण उघडण्याच्या अगदी आधी एक अवघड काळ येतो. थरथर, उलटी, ‘आता नाही जमत, मला घरी जायचंय’ असं वाटणं. ज्या क्षणी धीर सुटतो तो बहुतेकदा शेवट जवळ आल्याची खूण असतो. हे सोबतीच्या माणसाला आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते घाबरणार नाही आणि तुम्हाला आठवण करून देईल.

मग जोर लावायचा टप्पा. पहिल्या खेपेला तीन तासांपर्यंत, पुढच्या वेळी दोन तासांपर्यंत चालू शकतो. शौचाला लागल्यासारखं वाटतं, कधी खरंच होतंही. नर्स ते रोज पाहतात आणि पुसून पुढच्या कामाला लागतात. त्यासाठी लाजून जोर आवरू नका. उताणं झोपण्यापेक्षा कुशीवर, उकिडवं, गुडघ्यांवर किंवा टेकून बसलेलं बऱ्याच जणींना बरं वाटतं. डोकं दिसू लागल्यावर जळजळ होते, त्या वेळी जोर थांबवून छोटे छोटे श्वास सोडायला सांगतील. ते ऐका, फाटणं कमी होतं.

बाळ आल्यावर वार बाहेर येते, सहसा अर्ध्या तासाच्या आत. जास्त रक्तस्राव होऊ नये म्हणून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. ते घ्यावंच.

दवाखान्यात कधी निघायचं हे डॉक्टरांशी आधीच ठरवा, कारण अंतर आणि तब्येत प्रत्येकीची वेगळी. पाणी गेलं तर कळा नसल्या तरी कळवा. पाणी हिरवट किंवा लालसर असेल तर वाट न पाहता निघा.

पायरी ६: वेदनेशी वागण्याचा सराव

३० आठवड्यांपासून रोज दहा मिनिटं पुरतात. नाकाने श्वास आत, तोंडाने सावकाश बाहेर, बाहेरचा श्वास आतल्यापेक्षा लांब. सोडताना जबडा, खांदे, तळहात सैल. मुठीत बर्फाचा तुकडा एक मिनिट धरून हाच श्वास करून पाहा. पहिल्या वेळी मन नुसतं बर्फाकडे जातं, आठवडाभराने ते श्वासाकडे वळायला लागतं. फ्रेंच डॉक्टर फर्नांड लमाझ यांनी १९५०च्या दशकात श्वास आणि शिथिलीकरणाची शिकवणी लोकप्रिय केली. आज कुठल्याही ठरावीक पद्धतीचा आग्रह नाही, सराव मात्र हवा. त्याच्या जोडीला कोमट पाण्याची अंघोळ, कंबरेला शेक, कंबरेवर दाब, डुलणं, मोठ्याने ‘आ’ म्हणणं. आवाज केला तर कुणाचा अपमान होत नाही.

एवढं करूनही वेदना असह्य झाली तर औषध मागा. एपिड्युरलमध्ये पाठीच्या मणक्याजवळ बारीक नळीतून औषध देतात. कळांचं दुखणं कमी करणारा हा सगळ्यात परिणामकारक उपाय आहे. रक्तदाब उतरू शकतो, पाय जड होतात, जोर लावायचा टप्पा लांबू शकतो. सिझेरियनची शक्यता मात्र त्याने वाढत नाही. एपिड्युरल घेतलेली बाई कमी धीराची, असं म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. दाढ काढताना भूल घेणाऱ्याला असं कुणी म्हणत नाही.

पायरी ७: एका पानाचा बेत, दोन्ही वाटांचा

तुमच्या इच्छा एका पानावर लिहा. सोबत कोण, वेदनेसाठी काय हवं, काय नको, बाळ झाल्याबरोबर छातीवर द्यावं, नाळ लगेच कापू नये, अशा. पानाच्या मागच्या बाजूला लिहा: ‘सिझेरियन करावं लागलं तर.’ हा अर्धा भाग बहुतेक जणी टाळतात, लिहिलं तर तसंच होईल अशा धास्तीने. लिहिल्याने काहीच ओढवत नाही, आणि वेळ आलीच तर वाट ओळखीची असते.

सिझेरियन का करावं लागतं? बाळाचे ठोके बिघडणं, गर्भपिशवीचं तोंड उघडणं थांबणं, वार खाली असणं, बाळ आडवं असणं, अशी कारणं असतात. पूर्ण दिवस भरताना शंभरातली तीन-चार बाळं पायाळू, म्हणजे डोक्याऐवजी पाय किंवा कुल्ले खाली असलेली असतात. त्यांना बाहेरून हाताने वळवण्याचा प्रयत्न साधारण ३७व्या आठवड्यात करता येतो, तो विचारा. ऑपरेशन सहसा कंबरेखाली भूल देऊन होतं. तुम्ही जाग्या असता, दुखत नाही, पण ओढल्यासारखं, दाबल्यासारखं जाणवतं. ते अपेक्षित आहे. बाळ बहुधा पहिल्या काही मिनिटांतच बाहेर येतं, बाकीचा वेळ टाके घालण्यात जातो. सोबतीला कुणी आत येऊ शकेल का, पडदा थोडा खाली करता येईल का, बाळ तिथेच छातीशी देता येईल का, हे आधी विचारून पानावर लिहा. पोटातून बाळ आलं तरी बाळंतपण तुम्हीच केलेलं असतं.

पायरी ८: पहिला तास आणि पुढचे आठवडे

बाळाला पुसून, उघड्या अंगाने तुमच्या छातीवर ठेवून वर पांघरूण घालावं. नाळ निदान एक मिनिट थांबून कापली तर बाळाला जास्त रक्त आणि लोह मिळतं. पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला डॉक्टर बाळाला दहापैकी गुण देतील. भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ मध्ये ही पद्धत काढली. बाळाला त्या घडीला मदत लागते का, एवढंच त्यातून कळतं. पुढे मूल कसं होईल याचा त्याच्याशी संबंध जोडू नका. पहिल्या तासात छातीला लावा. सुरुवातीचा पिवळसर चीक थेंब थेंब येतो आणि बाळाला तेवढाच लागतो. दूध उतरायला दोन-चार दिवस लागतात. बाळ नीट पकडत नसेल, स्तनाग्र दुखत असेल तर पहिल्याच दिवशी नर्सला बसवून घ्या. दुखणं सोसत राहण्यासारखं काही नाही.

अंगावरून रक्त जाणं सहा आठवड्यांपर्यंत हळूहळू कमी होत जातं. तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, ताप असेल, डोकं फार दुखत असेल, तर लगेच दवाखान्यात.

तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास कारण नसताना रडू येतं. बहुतेक बाळंतिणींना येतं, दोन आठवड्यांत ओसरतं. त्यानंतरही उदासी, बाळाबद्दल काहीच न वाटणं, बाळ झोपलं तरी झोप न लागणं असं राहिलं तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. बाळंत झालेल्या बायकांपैकी साधारण १३ टक्क्यांना मानसिक आजार, मुख्यतः नैराश्य, होतं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, आणि ही गोष्ट घरातल्या एका माणसाला आधीपासून सांगून ठेवायची.

आणखी एक काम सहा आठवड्यांच्या तपासणीला करा. तुमच्या प्रसूतीत नेमकं काय झालं, ते डॉक्टरांना क्रमाने सांगायला लावा. कळा का मंदावल्या, ते औषध का दिलं, तेव्हा सगळे घाईने का आले. अर्धवट आठवणी मनात राहिल्या की त्या पुढच्या खेपेची भीती होऊन बसतात. कारण कळलं की बऱ्याच शांत होतात. सिझेरियन झालं असेल तर ते कशामुळे केलं आणि गर्भपिशवीवरचा छेद खालच्या भागात आडवा होता का, हे लिहून घ्या. तसा एकच छेद असेल आणि दुसरी अडचण नसेल, तर पुढच्या वेळी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करता येतो. असा प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या साठ ते ऐंशी जणींना तो साधतो. त्या वेळी समोरचे डॉक्टर वेगळे असू शकतात, म्हणून डिस्चार्जच्या कागदाची एक प्रत तुमच्याजवळ ठेवा आणि एक फोनमध्ये.